रेकॉर्ड आपली, आवाज रेडिओचा!

स्टिरिओवर छान गाणे लागलेले असते आणि मधेच कुणीतरी बोलू लागते. कधी खरखर, कधी घूं घूं. यात भुताचा हात नसतो आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याचाही नसतो. कारण कुठे आहे हे आपल्याला घरच्या घरी शोधता येते. फक्त एक चूक मात्र चुकूनही करायची नाही.

२००१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. गिरगावातली चाळीतली खोली सोडून आम्ही मालाडला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो होतो. मी तेव्हा बारा वर्षांची होते. सामान लावून झाले आणि पहिल्याच रविवारी बाबांनी आपला लाडका स्टिरिओ मांडला. १९८४ साली बोनसच्या पैशांतून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला होता आणि एका कारागिराकडून पत्र्याच्या पेटीतला अॅम्प्लिफायर बनवून घेतला होता. नव्या घरात पहिली रेकॉर्ड लागली ती आजीच्या आवडीच्या अभंगांची.

दोन मिनिटेही झाली नसतील, तोच स्पीकरमधून बारीक आवाजात एक बाई हिंदीत बोलू लागल्या. पाठोपाठ सिनेमातले गाणे. अभंग चालूच, गाणेही चालूच!

"अरे, देवाच्या गाण्यात ही कोण बाई मधेच बोलते?" आजीने विचारले. आम्ही मुले हसून लोळलो. बाबा मात्र हसले नाहीत.

त्यांचा संशय लगेच खालच्या मजल्यावरच्या काकांवर गेला. काका नौदलात वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर रीतसर परवाना काढून ते हॅम रेडिओचा छंद जोपासत होते आणि त्यासाठी त्यांनी इमारतीच्या गच्चीवर एक लांब तार ताणली होती. "त्यांची ती तारच रेडिओ आपल्या घरात ओढून आणते," असे बाबांनी ठरवूनच टाकले. सोसायटीकडे तक्रारीचे पत्र गेले. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. त्या वर्षी गणपतीत आम्ही त्यांच्याकडे आरतीलाही गेलो नाही.

मधल्या काळात एका मेकॅनिकला बोलावले. त्याने इकडे तिकडे ठोकून पाहिले आणि निदान केले, "अर्थिंगमधून येतोय." थ्री पिन प्लगमधली वरची जाड पिन त्याने कापूनच टाकली. घूं घूं थोडी कमी झाली. बाईंचा आवाज होता तसाच राहिला. पैसे घेऊन तो गेला.

दसऱ्याच्या आधीची साफसफाई चालू होती. टीव्ही काढून बाजूला ठेवला होता. आईने कॅसेट लावली होती आणि ऐकत ऐकत ती ओल्या फडक्याने अॅम्प्लिफायरची पेटी पुसायला गेली. तिची किंकाळी ऐकून सगळ्यात आधी धावत वर आले ते खालचे काका. त्यांनी आईला हात न लावता आधी मेन स्विच बंद केला. आई मागे कोसळली होती. कोपर सुजले, हात दोन दिवस बधिर होता, पण जीव वाचला. कापलेली पिन पाहून काका बाबांना एवढेच म्हणाले, "गाण्याचे नंतर बघू. आधी हे नीट करा."

तार म्हणजे एरियल

काकांनी त्या संध्याकाळी आम्हाला जे समजावून सांगितले, ते आजही तितकेच खरे आहे.

रेडिओ केंद्राच्या लहरी आपल्या घरातून सतत जात असतात. घरातली कोणतीही लांब तार त्या लहरी थोड्याफार पकडते, कारण एरियल म्हणजे तरी दुसरे काय? एक तारच. पण नुसती लहर पकडून आवाज ऐकू येत नाही. लहरीवर बसवलेला आवाज वेगळा काढावा लागतो. पूर्वीच्या क्रिस्टल रेडिओत हे काम गॅलिना नावाच्या खनिजाचा खडा करत असे. त्या रेडिओला बॅटरीही लागत नसे. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे अशा गॅलिना डिटेक्टरचे अमेरिकन पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोस यांना मिळाले होते.

खड्याचे हेच काम ट्रान्झिस्टर किंवा आयसीदेखील करू शकतात. अॅम्प्लिफायरमध्ये तर ते असतातच. जवळच्या केंद्राची जोरदार लहर तारेवाटे आत शिरली, की अॅम्प्लिफायर नकळत क्रिस्टल रेडिओ होऊन बसतो आणि वर तो आवाज मोठाही करून देतो. गंजलेली किंवा हिरवी पडलेली पिनसुद्धा कधी कधी त्या खड्यासारखी वागते.

मालाडच्या मालवणी भागात आकाशवाणीचे मध्यम लहरींचे मनोरे होते. मुंबईची विविध भारती तेव्हा ११८८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे २५२ मीटरवर लागत असे. गिरगावात जे कधी ऐकू आले नाही, ते मालाडला पहिल्याच रविवारी ऐकू आले, याचे कारण हे होते. घर बदलले होते, अॅम्प्लिफायर तोच होता.

काकांनी ते एका मिनिटात सिद्धही करून दाखवले. त्यांनी आपला छोटा ट्रान्झिस्टर आणला, त्यावर विविध भारती लावली आणि बाबांना रेकॉर्ड लावायला सांगितली. दोन्हीकडून तेच गाणे, तेच शब्द! काकांचा स्वतःचा सेट तर त्या वेळी बंदच होता. बाबांची मान खाली गेली.

त्रास नेमका कुठे जास्त?

रेकॉर्ड प्लेअरच्या चुंबकीय काट्रिजमधून येणारा विद्युत संदेश अगदी नाजूक, म्हणजे एका व्होल्टच्या काही हजारांश भागाइतका असतो. अॅम्प्लिफायरला तो आधी सुमारे शंभर पट मोठा करावा लागतो. सीडी प्लेअरकडून मात्र दोन व्होल्टपर्यंतचा दणदणीत संदेश येतो. म्हणून बाहेरची लहर शिरायला सर्वांत सोपी जागा असते ती 'फोनो'ची. सीडी स्वच्छ वाजते आणि रेकॉर्ड मात्र बोलते, यात नवल काहीच नाही.

आवाजावरून ओळखा

डॉक्टर जसा नाडी पाहतो, तसा आधी आवाज नीट ऐका.

• स्पष्ट बोलणे किंवा गाणे: जवळचे रेडिओ केंद्र किंवा एखादा वायरलेस सेट.

• एकसारखी जाड घूं घूं: ही रेडिओची नव्हे, विजेच्या पुरवठ्याची. सैल पिन, तुटलेली अर्थची बारीक तार किंवा दोन ठिकाणी झालेले अर्थिंग.

• फोन वाजण्याच्या क्षणभर आधी टिर्र टिक टिक: मोबाइल. जुन्या २जी पद्धतीत फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने लहरी सोडतो, त्याचीच ही टिर्र.

• बारीक झिर्र, जी पंख्याचा वेग किंवा दिव्याचा उजेड कमी केला की बदलते: इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जरही असाच त्रास देतात.

• मिक्सर चालू केला की घर्र: त्याच्या मोटरमधल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या.

• अधूनमधून एकच "टक्": फ्रीज किंवा पाण्याचा पंप चालू-बंद होणे.

तपासणीची पायरी पायरी

आता प्रत्यक्ष शोध. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी ऐकून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला हे कळणार नाही. तारा काढताना-घालताना अॅम्प्लिफायर बंद ठेवा, नाहीतर मोठा धक्का बसून स्पीकर खराब होऊ शकतो.

पहिली पायरी, आवाजाचे बटण. बटण कमी केल्यावर नको असलेला आवाजही कमी होतो का? होत असेल, तर तो बटणाच्या आधी, म्हणजे प्लेअर, टेप किंवा त्यांच्या तारांतून शिरतो आहे. बटण अगदी शून्यावर आणूनही तो तसाच राहिला, तर तो पुढच्या भागातून येतो आहे. बहुधा स्पीकरच्या लांब तारा किंवा विजेची वायर हा त्याचा रस्ता असतो.

दुसरी पायरी, सिलेक्टर. फोनो, टेप, सीडी असे एकेक करून पाहा. एकाच जागी त्रास होत असेल तर तपासायचे क्षेत्र लगेच लहान होते. आमच्याकडे टेपवर बाईंचा आवाज अजिबात नव्हता, फोनोवर होता.

तिसरी पायरी, एकेक जोडणी काढणे. मागच्या सगळ्या तारा काढून नुसते स्पीकर ठेवा. आवाज स्वच्छ झाला की एकेक उपकरण परत जोडा. ज्याच्या येण्याने त्रास सुरू होईल, ते किंवा त्याची तार गुन्हेगार.

चौथी पायरी, टीव्ही. टीव्हीचा आवाज अॅम्प्लिफायरला जोडला असेल, तर टीव्हीतून केबलची गोल वायर काढून पाहा. घूं घूं तत्काळ थांबली, तर केबलचे अर्थिंग एकीकडे आणि आपल्या घराचे दुसरीकडे, असा फेरा तयार झाला आहे असे समजावे.

पाचवी पायरी, घरातली बाकी उपकरणे. दिवे, पंखे, चार्जर, वायफायचा अडॅप्टर, इन्व्हर्टर एकेक करून बंद करा. बॅटरीवरचा छोटा मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर असेल तर उत्तमच. जिथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि रेडिओ हातात धरून घरभर फिरा. ज्या उपकरणाजवळ खरखर वाढेल तिथे थांबा. हा ट्रान्झिस्टर म्हणजे वास काढणारा कुत्राच!

आमच्या घरी काय सापडले?

नव्या घरात प्लेअर एका भिंतीला आणि अॅम्प्लिफायर समोरच्या भिंतीला ठेवला होता. तार पुरेना, म्हणून बाबांनी तिला पाच मीटर साधी दोन पदरी वायर जोडली होती. एवढी लांब उघडी तार आणि तीही सर्वांत नाजूक जागी. घरात एरियल बसवला होता तो काकांनी नव्हे, बाबांनीच!

शिवाय प्लेअरमागून येणारी अर्थची बारीक सुटी तार सामान हलवताना निघाली होती आणि तशीच लोंबत होती. ती अॅम्प्लिफायरच्या मागच्या 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूला लावायची असते. पिना दमट हवेने हिरव्या पडल्या होत्या. घूं घूं मात्र वेगळ्याच कारणाने होती. ती टीव्हीच्या केबलमधून येत होती. म्हणजे एका तक्रारीमागे दोन वेगळी दुखणी होती. मेकॅनिकने दोन्हींवर एकच औषध दिले, आणि तेही जीवघेणे.

उपाय, स्वस्तापासून महागाकडे

सर्वांत आधी बिनखर्चाचे. मोबाइल, चार्जर आणि अडॅप्टर स्टिरिओपासून दूर ठेवा. प्लेअर आणि अॅम्प्लिफायर शेजारी आणा, म्हणजे तार लहान होईल. विजेच्या वायरी आणि गाण्याच्या तारा एकत्र बांधू नका. एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडू द्या. स्पीकरच्या जास्तीच्या तारांचे वेटोळे करून ठेवू नका, लागेल तेवढीच तार ठेवा. पिना काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि घट्ट बसवा. कोकणपट्टीवर किंवा कुठल्याही समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर करावे.

त्यानंतर थोड्या खर्चाचे. साध्या वायरीऐवजी चांगली शील्डेड वायर घ्या. तिच्यातल्या मुख्य तारेभोवती तांब्याची जाळी असते आणि ती जाळी बाहेरच्या लहरींना अडवते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फेराइटच्या कड्या किंवा चिमट्यासारखे क्लिप मिळतात. संगणकाच्या वायरीवर जो काळा फुगीर भाग दिसतो, तो हाच. अॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ तार कडीतून तीन-चार वेळा वेढून घ्या. वेढे दुप्पट केले की अडथळा जवळजवळ चौपट होतो. मोबाइल किंवा एफएमसारख्या लहरींना थोडे वेढे पुरतात. मध्यम लहरींसाठी मोठी कडी आणि पुष्कळ वेढे लागतात. झिर्र पंख्याच्या रेग्युलेटरमुळे असेल, तर कपॅसिटरवर चालणारा टप्प्याटप्प्यांचा रेग्युलेटर बसवून घ्या.

शेवटी जाणकाराचे काम. फोनोच्या तोंडाशी अगदी छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केला, की रेडिओची लहर परस्पर जमिनीकडे जाते आणि गाणे तेवढे आत येते. त्याचे माप काट्रिजप्रमाणे ठरवावे लागते, म्हणून हे काम घरी करू नये. केबलच्या फेऱ्यावर आयसोलेटर बसवता येतो.

ही चूक करू नका

घूं घूं घालवण्यासाठी अर्थची पिन कापणे, तिच्यावर टेप गुंडाळणे किंवा थ्री पिनला टू पिनचा जोड लावणे, हा 'रामबाण उपाय' अजूनही अनेकांना सांगितला जातो. त्याने कधी कधी घूं घूं थांबतेही, आणि तेच जास्त धोक्याचे, कारण उपाय लागू पडला असे वाटते.

अर्थची पिन सर्वांत लांब का असते? प्लग घालताना ती सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. पत्र्याच्या पेटीत वीज उतरली, तर ती या पिनेतून जमिनीकडे जाते आणि फ्यूज उडतो किंवा ट्रिप स्विच पडतो. पिन नसेल, तर २३० व्होल्टची वीज पेटीवर दबा धरून बसते आणि पहिला ओला हात लागण्याची वाट पाहते. आमच्या अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन पावसाळी ओलीने खराब झाले होते. पिन शाबूत असती, तर फ्यूज उडाला असता आणि दोष वेळीच कळला असता. तो कळला आईच्या हाताला.

म्हणून घरातले अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. सगळा स्टिरिओ एकाच चांगल्या थ्री पिन बोर्डवरून चालवा. त्यानेही अनेकदा घूं घूं कमी होते. अॅम्प्लिफायरची पेटी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तर ती शेकडो व्होल्टची असते.

शेजाऱ्याला बोल लावण्याआधी

हॅम रेडिओचा परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतल्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. कुणी कोणत्या लहरी वापरायच्या, याचे नियम ठरलेले असतात. शेजारी नियमाने वागत असेल आणि तरी त्याचा आवाज आपल्या स्टिरिओत येत असेल, तर दोष बहुधा आपल्या उपकरणाचा किंवा तारांचा असतो, कारण स्टिरिओने रेडिओ पकडणे अपेक्षितच नाही. तेव्हा तक्रारीचा कागद हातात घेण्याआधी त्याच्या दारावर टकटक करा. कोणत्या वेळी त्रास होतो याची दोघांनी मिळून नोंद ठेवा. बहुतेक हॅम मंडळी असा शोध घ्यायला आनंदाने तयार होतात, आणि त्यांच्याकडे त्याचे ज्ञानही असते.

आज मध्यम लहरींची अनेक केंद्रे बंद झाली आहेत. विविध भारती मधेच येऊन बोलण्याचे प्रसंग कमी झाले, पण चार्जर, एलईडी दिवे आणि वायफाय घरोघरी आले. दुसरीकडे माळ्यावरचे जुने रेकॉर्ड प्लेअर हौसेने खाली उतरू लागले आहेत. म्हणजे खरखर आहेच, फक्त तिचे मालक बदलले.

आमच्याकडे आधी नवा ट्रान्सफॉर्मर आला, नवा प्लग आला, इमारतीचे अर्थिंग तपासले गेले. मगच काकांनी गाण्याला हात लावला. प्लेअर अॅम्प्लिफायरशेजारी आला, मीटरभर शील्डेड वायर लागली, पिना पुसल्या, सुटी तार स्क्रूला लागली. टीव्ही स्टिरिओला जोडणे आम्ही सोडूनच दिले. बाईंचा आवाज पुष्कळ कमी झाला, पण कान देऊन ऐकले तर येत होता. तो त्या छोट्या सिरॅमिक कपॅसिटरने गेला.

दिवाळीच्या पहाटे आजीची रेकॉर्ड लागली. अभंग पूर्ण झाला, मधे कुणी बोलले नाही. बाबा न सांगता उठले, फराळाचे ताट घेतले आणि खाली गेले. परतले ते काकांना घेऊनच. सोसायटीकडे दिलेले पत्र त्यांनी आदल्या दिवशीच मागे घेतले होते.

तो स्टिरिओ आता माझ्या घरी आहे. अजून वाजतो. दर पावसाळ्यानंतर मी त्याच्या पिना पुसते, पण आधी स्विच बंद करते, प्लग काढते आणि हात कोरडे आहेत ना, ते पाहते.